त्र्यंबक ते पंढरपूर पायी : निवृत्तिनाथांच्या पालखीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैशाख सरत आला की नाशिक, सिन्नर, निफाडकडून आणि अलीकडे पुण्या-मुंबईहूनही तेच तेच प्रश्न येऊ लागतात. विचारणारे बहुतेक पहिल्यांदा चालणारे असतात, किंवा आईवडिलांना पाठवणारी त्यांची मुलं-सुना. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक दिंडीची रीत थोडी वेगळी असते, त्यामुळे इथलं काही तुमच्या दिंडीत वेगळं दिसलं तर दिंडीचालकांचं ऐकायचं.

१. ही आळंदीचीच वारी ना? की वेगळी?

वेगळी. आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते, देहूहून तुकोबांची. त्र्यंबकेश्वरहून निघते ती ज्ञानोबांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ यांची. ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी त्यांना उपदेश केला आणि तोच उपदेश त्यांनी धाकट्या भावाला दिला, अशी परंपरा आहे. ज्ञानोबांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. पुढच्या वर्षी निवृत्तिनाथांनी त्र्यंबकला घेतली, तीच ही ब्रह्मगिरीच्या पायथ्याची समाधी. आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला प्रमुख पालख्या एकत्र येतात. तोवर आपली वाट आपली.

आळंदीच्या मानाने इथे गर्दी पुष्कळ कमी असते आणि सोयीही कमी असतात. पहिल्यांदा चालणाऱ्याला मी तरी हीच वाट सुचवतो. गर्दी कमी असल्यामुळे दिंडीतली माणसं नावानिशी ओळखीची होतात.

२. पालखी कोणत्या तारखेला निघते?

तारीख नाही, तिथी बघायची. प्रस्थान ज्येष्ठ पौर्णिमेच्या आगेमागे होतं आणि आषाढी एकादशीच्या आधी पालखी पंढरीत पोचते. आषाढी २०२४ ला १७ जुलैला होती, २०२५ ला ६ जुलैला. त्यामुळे रजेचा अर्ज गेल्या वर्षीच्या तारखा बघून टाकू नका. त्र्यंबकेश्वरचं संत निवृत्तिनाथ महाराज समाधी संस्थान दरवर्षी मुक्कामांचं वेळापत्रक काढतं, ते हातात आल्यावरच तिकिटं काढा.

३. अधिक महिना आला तर काय होतं?

सगळं पुढे सरकतं. २०२६ मध्ये ज्येष्ठच अधिक आहे, म्हणून आषाढी २५ जुलैला येते. अधिक ज्येष्ठाच्या पौर्णिमेला पालखी निघत नाही, निज ज्येष्ठात निघते. दिनदर्शिकेत दोन ज्येष्ठ पौर्णिमा दिसल्या की दुसरी धरायची. अशा वर्षी पेरणीचा प्रश्न अवघड होतो, त्यासाठी प्रश्न २० बघा.

४. एकूण किती चालायचं असतं आणि वाट कुठून जाते?

साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, साधारण पंचवीस-सव्वीस दिवस. रोजची चाल पंधरा ते पंचवीस किलोमीटर, एखाद्या दिवशी त्याहून जास्त. त्र्यंबकहून सातपूर, नाशिक, पळसे, मग सिन्नर तालुका. सिन्नर तालुक्यातल्या दातलीला रिंगण होतं, त्यासाठी आजूबाजूची गावं लोटतात. पुढे पारेगाव, राजुरी, बेलापूर, राहुरी, डोंगरगण करत अहिल्यानगर. तिथून मिरजगाव, कर्जत. मग सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातून जेऊर, कंदर, दगडअकोले, करकंब आणि पंढरपूर.

चढाचा त्रास फारसा नाही. त्रास होतो तो तापलेल्या डांबराचा, आणि ‘आलंच गाव’ म्हणत संपत न येणाऱ्या शेवटच्या चार किलोमीटरांचा.

५. तयारी किती आधीपासून करावी?

दोन महिने पुरतात. रोज तासभर चालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा लागोपाठ दोन दिवस लांब चालून बघा. पहिल्या दिवशी पंधरा किलोमीटर कुणीही चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जमिनीवर ठेवताना काय होतं, ते कळायला हवं. नाशिककरांसाठी उत्तम परीक्षा म्हणजे पौष वद्य एकादशीची त्र्यंबकची यात्रा. तेव्हा गावोगावच्या दिंड्या पायी येतात. नाशिकहून त्र्यंबक अठ्ठावीस किलोमीटर. ते जमलं आणि दोन दिवसांत पाय ताळ्यावर आले, तर बाकीचं होतं.

६. दिंडीत नाव लावावंच लागतं का? मी आपला पालखीमागून एकटा चाललो तर?

चालायला कुणी अडवणार नाही. पण रात्र झाली की जेवण, अंथरूण आणि आजारपण हे तीन प्रश्न उभे राहतात, आणि त्यांचं उत्तर दिंडी हेच आहे. पहिल्या वर्षी दिंडीतच जा.

आपल्या गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या भजनी मंडळात चौकशी करा. नाशिक जिल्ह्यात जवळपास प्रत्येक मोठ्या गावातून कुणी ना कुणी चालत असतं. त्या माणसाच्या ओळखीने जाणं सगळ्यांत चांगलं, कारण दिंडीचालकालाही तुमच्याबद्दल विचारायला कुणीतरी लागतं. नाव ज्येष्ठ लागायच्या आत द्या, कारण ट्रक, तंबू आणि शिधा यांचा हिशोब माणसं मोजूनच होतो.

७. भिशी म्हणजे काय? किती द्यावी लागते?

दिंडीत महिनाभराच्या जेवणाखाणाचा, ट्रक-टँकरचा आणि तंबूचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा असतो. त्यातल्या तुमच्या वाट्याला भिशी म्हणतात. रक्कम दिंडीगणिक वेगळी असते. काही दिंड्या पैशांबरोबर गहू-तांदूळही घेतात. ज्याला झेपत नाही त्याच्याकडून बऱ्याच ठिकाणी मागत नाहीत, तो स्वयंपाकाला किंवा तंबूला हात लावतो. भिशी भरली म्हणजे आपण गिऱ्हाईक झालो असं नाही. ताट स्वतःच घासायचं असतं.

८. माझ्या गळ्यात माळ नाही. मी चाललो तर चालेल का?

चालेल. माळ नसलेले पुष्कळ चालतात. त्यातले काही पंढरपुरात माळ घालून घेतात, काही घालत नाहीत. फक्त वाटेत मांसाहार, दारू, तंबाखू, विडी बंद. तंबाखूची सवय असेल तर निघायच्या महिनाभर आधीच सोडायला लागा. चालण्याचा शीण आणि तलफ एकदम अंगावर आली की माणूस चिडचिडा होतो आणि त्याचा त्रास तंबूतल्या सगळ्यांना होतो.

९. अभंग पाठ नाहीत, टाळही धरता येत नाही. मी कुठे चालायचं?

पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मागे विणेकरी, आणि त्यांच्यामागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. नवा माणूस टाळकऱ्यांच्या शेवटच्या रांगेत मावतो. पुढचा म्हणतो ते मागून म्हणायचं. सकाळी रूपाचे अभंग, मग वासुदेव, आंधळे, पांगळे, गौळणी आणि संध्याकाळी हरिपाठ हा क्रम रोजचाच, त्यामुळे आठ-दहा दिवसांत चाली तोंडात बसतात. हरिपाठ तेवढा घरून पाठ करून या, निदान छोटं पुस्तक खिशात ठेवा.

दोन गोष्टी सांभाळा. रांग मोडून विणेकऱ्याच्या पुढे जायचं नाही. आणि चोपदाराचा दंड वर गेला की बोलणं तिथल्या तिथे थांबवायचं. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हा दोघं एकमेकांच्या पाया पडतात, मग घेणारा विशीतला पोरगा का असेना. ते जवळून बघा.

१०. रोजचा दिवस कसा असतो?

पहाटे तीन-साडेतीनला कुणाचा तरी टॉर्च लागतो आणि तंबू जागा होतो. आंघोळ, चहा, काकडा. उजाडायच्या सुमाराला पालखी हलते. नऊ-दहाला न्याहारी, ती बहुतेक वाटेतलं एखादं गाव देतं. दुपारच्या विसाव्याला जेवण आणि झाडाखाली तासभर आडवं होणं. ही तासभराची झोप सोडू नका, गप्पा नंतरही होतात. ऊन उतरलं की पुन्हा चाल. मुक्कामी समाजआरती, मग आपापल्या तळावर जेवण आणि कीर्तन. दहाच्या आत बहुतेक झोपलेले असतात.

ट्रक आपल्या आधी पोचलेला असतो. तंबू लावणारी पोरं खुंट्या ठोकून, दोर ताणून, पावसाचं चिन्ह असलं तर तंबूभोवती कुदळीने वीतभर चर काढून मोकळी झालेली असतात. ट्रकच्या फाळक्यावर एक जण उभा राहून नावं पुकारत वळकट्या खाली देतो. ज्याची आधी येईल त्याने आपली घेऊन निघून जायचं नाही, शेजारच्या म्हातारीची आली का ते बघायचं. तिची पिशवी कोणती, ते चार दिवसांत तुम्हाला तिच्याइतकंच कळलेलं असतं.

११. आंघोळ आणि शौचाची सोय खरंच कशी असते? घरचे हेच विचारतात.

खरं ते सांगतो. आंघोळ टँकरवर, एक बादली, उघड्यावर. बायकांसाठी कनाती किंवा साड्या बांधून आडोसा करतात. त्यांनी पहाटेच उरकायची रीत आहे, कारण अंधार आणि पाणी दोन्ही तेव्हा असतं. अंगावरची साडी किंवा गाऊन लवकर वाळणारा हवा. जाड सुती कपडा पावसाळी दिवसात वाळतच नाही आणि ओलाच पिशवीत जातो.

शौचासाठी अलीकडे काही मुक्कामांवर फिरती शौचालयं असतात. गावच्या शाळेची, ग्रामपंचायतीची उघडी करून देतात. पुष्कळ घरवाले बायकांना स्वतःहून आत बोलावतात, तिथे संकोच करू नका. पण काही ठिकाणी शेताकडेलाच जावं लागतं. तेव्हा विहीर, ओढा, उभं पीक यांच्यापासून लांब जा, सोबत खुरपं ठेवा, माती लोटा. ज्या गावाने आपल्याला जेवू घातलं त्याच्या बांधावर घाण ठेवून जाणं मला सहन होत नाही, आणि हे प्रत्येक दिंडीत प्रस्थानाच्या दिवशीच मोठ्याने सांगायला हवं.

लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणं ही बायकांची सगळ्यांत घातक सवय. उन्हात चालताना त्याने जळजळ, ताप सुरू होतो आणि वारी अर्धवट राहते. दोघी-तिघींनी मिळून जा, आडोसा धरा, पण पाणी प्या.

१२. सोबत किती सामान न्यावं?

ट्रकमध्ये एक वळकटी आणि एक पिशवी, खांद्यावर एक पडशी किंवा लहान सॅक. वळकटीत सतरंजी, चादर, आणि खाली अंथरायला प्लॅस्टिकचा कागद. काळ्या रानातल्या मुक्कामी ओल खालून येते. कपडे तीन जोड. ताट, वाटी, तांब्या. टॉर्च. सामानावर नाव, गाव आणि दिंडीचा क्रमांक रंगाने लिहा, कागद चिकटवू नका. खांद्यावरच्या पिशवीत पाणी, औषधं, रेनकोट आणि चिक्की-शेंगदाणे, बस. सकाळी हलकं वाटतं ते दुपारी खांदा कापतं.

चप्पल-बूट सकाळी घालण्याआधी झटकायचे. पावसाच्या तोंडावर विंचू-किडे कोरडी जागा शोधत असतात.

१३. पायात काय घालू? अनवाणी चालणं चांगलं का? फोड आले तर?

घरी दोन महिने वापरलेले, बोटांना पुढे जागा असलेले बूट किंवा मागे पट्टा असलेले सँडल. नवे बूट घालून प्रस्थानाला येणारे नाशिक ओलांडायच्या आत लंगडायला लागतात. पाऊस असेल तेव्हा सँडल बरे, कोरड्यात बूट. दोन्ही असतील तर उत्तम. मोजे सुती, रोज धुतलेले, आणि दुपारच्या विसाव्यात पाय उघडे ठेवून वाळवायचे.

अनवाणी चालणारे चालतात, तो त्यांचा नेम असतो आणि तळवे वर्षानुवर्षं तयार झालेले असतात. पहिल्या वर्षी तो हट्ट धरू नका. मधुमेह असलेल्यांनी तर कधीच नाही (प्रश्न १७).

फोड अचानक येत नाही. आधी एका जागी चुरचुर होते. तिथेच थांबायचं, रांगेतून बाजूला व्हायचं आणि त्या जागी चिकटपट्टी लावायची. ‘पुढच्या विसाव्यावर बघू’ म्हटलं की फोड आलाच. आलेला लहान फोड फोडू नका, त्याचं कातडं हेच त्याचं औषध. फार मोठा झाला, बुटात दाबू लागला, तर वाटेतल्या वैद्यकीय पथकाकडे जा. सुई-दोरा ओवून ठेवायचा जुना उपाय अजून सांगतात, पण धुळीच्या वाटेवर तो दोरा जखमेत घाण नेतो. मला तो पटत नाही.

मांड्या घासणं हे कुणी विचारत नाही, पण फोडांपेक्षा जास्त लोक त्यानेच बेजार होतात. निघताना व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावा. धोतर-पायजम्याखाली आणि साडीखाली गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी घाला. संध्याकाळी धुऊन, कोरडं करून पावडर. टाचांच्या भेगांना कोकमतेल कोमट करून भरा.

गावोगावची पोरं ओट्यावर बसून वारकऱ्यांचे पाय चेपून देतात. नवख्याला अवघडल्यासारखं होतं. पाय पुढे करा. त्यांचीही ती वारीच आहे.

१४. जेवणात काय असतं? पथ्य पाळता येतं का?

वरण-भात, पोळी, पिठलं-भाकरी, आमटी, कधी बुंदी, कधी लापशी. नगर भागातल्या कित्येक गावांत घरोघरच्या भाकऱ्या टोपल्यांनी देवळात जमतात आणि त्याच पंगतीत वाढतात. एका ताटात चार घरच्या भाकऱ्या, एक जाड, एक पातळ, एकीवर तीळ. बऱ्याच दिंड्यांत कांदा-लसूण नसतो. आमटी मात्र तिखट असते. पोट नाजूक असेल तर स्वयंपाक्यांना पहिल्याच दिवशी सांगा, साधं वरण बाजूला काढून ठेवतात.

न्याहारी घालणारी गावं प्रेमाने आग्रह करतात आणि नवे वारकरी पहिल्या आठवड्यात जादा खाऊन आजारी पडतात. हात जोडून ‘माऊली, पोट भरलं’ म्हटलेलं कुणाला लागत नाही.

१५. वाटेत एकादशी येते, तेव्हा उपास करून चालायचं?

निघाल्यावर ज्येष्ठ वद्य एकादशी येते, मग थेट आषाढी. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी असं फराळाचं मिळतं, त्यावर चालता येतं. निर्जळी करू नका. औषध चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच धरा. ज्याने उपास केला नाही त्याला कुणी बोलत नाही.

१६. पाणी कुठलं प्यायचं? आणि पाऊस असतो की ऊन?

पाणी टँकरचं किंवा गावच्या नळाचं, पण बाटलीत क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबून. वाटेवरच्या ओढ्या-विहिरीचं नाही. जुलाब झालेच तर पहिल्या तासापासून जलसंजीवनी. लपवून चालत राहू नका, ट्रकमध्ये बसा.

हवामान नवख्यांना फसवतं. त्र्यंबकला धो धो पाऊस बघून लोक जड रेनकोट घेऊन निघतात आणि सिन्नर सोडलं की आभाळ मोकळं होतं. पुढचा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. जूनअखेरीलाही राहुरी-कर्जतकडे ऊन चटके देतं. तेव्हा टोपी किंवा फेटा, भरपूर पाणी, आणि हलका रेनकोट. इरलं म्हणून दोन मीटर प्लॅस्टिकही पुरतं, रात्री तेच अंथरता येतं.

१७. बीपी-शुगर आहे. जाऊ का?

डॉक्टरांनी हो म्हटलं तर जा. अशी पुष्कळ माणसं चालतात. औषधं पूर्ण महिन्याची, दोन भागांत: अर्धी खांद्यावर, अर्धी ट्रकमध्ये. रोज एवढं चालल्यावर साखर उतरते, म्हणून गोळ्यांचं प्रमाण निघण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. खिशात खडीसाखर हवीच. घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी आली की रांग सोडून बसायचं आणि ती खायची. इन्शुलिन लहान थर्मासमध्ये ठेवा, बर्फाला टेकू देऊ नका. रोज रात्री तळपाय टॉर्चच्या उजेडात बघायचे, स्वतःला दिसत नसतील तर शेजाऱ्याकडून. संवेदना कमी झालेल्या पायात काटा रुतला तरी कळत नाही.

१८. आई अडुसष्ट वर्षांची आहे आणि एकटी जायचं म्हणतेय. पाठवावं का?

तिच्या गावची एक तरी बाई त्याच दिंडीत असेल तर बिनघोर पाठवा. या वयाच्या बायका दिंडीत सगळ्यांत जास्त असतात आणि आमच्यापेक्षा बऱ्या चालतात. पदराला किंवा पिशवीला आतून एक चिठ्ठी शिवून द्या: नाव, गाव, दिंडी क्रमांक, दिंडीचालकांचा आणि तुमचा फोन, चालू औषधं. रोज फोन करायची सक्ती करू नका, एक वेळ ठरवा. आणि ‘दमलीस तर ट्रकमध्ये बस’ हे तुमच्या तोंडून तिला निघताना सांगा. तुम्ही सांगितलंत तरच ती बसेल.

१९. बाई म्हणून एकटीने जाणं सुरक्षित आहे का? आणि वाटेत पाळी आली तर?

बायकांचा तंबू वेगळा असतो आणि रात्री त्याच्या तोंडाशी जुन्या वारकरणी झोपतात. अंधारात एकटीने लांब जायचं नाही, एवढा नियम पाळा. कुणाचं वागणं खटकलं तर लगेच त्या जुन्या बायांना सांगा, त्या मुलाहिजा ठेवत नाहीत.

पाळी आली तर चाला. काही दिंड्यांत त्या दिवसांत पालखीला हात लावत नाहीत, वीणा-तुळस घेत नाहीत. तसं असेल तर चार दिवस मागच्या रांगेत चालता येतं. गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलणं डॉक्टरांना न विचारता करू नका. पॅड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत ठेवा आणि गावात कचरापेटी दिसेल तिथे टाका, शेतात नाही. माझं मत विचाराल तर पांडुरंगाच्या वाटेवर बाईने यासाठी मागे राहण्याचं काही कारण नाही.

२०. आम्ही शेतकरी. ऐन पेरणीत घर सोडायचं कसं?

हा सगळ्यांत जुना प्रश्न. मृग साधारण ७-८ जूनला निघतो आणि पालखीही बहुतेक वर्षी जूनमध्येच. घरात वाटणी हाच रिवाज आहे. एका वर्षी एक भाऊ चालतो, दुसरा पेरतो, पुढच्या वर्षी उलट. काही जण नाशिकपर्यंत चालून परत येतात, पेरणी उरकून एसटीने अहिल्यानगरला किंवा करकंबला पालखी गाठतात. पाऊस लांबला की तंबूत रात्री फोनवर फक्त ‘पडला का?’ एवढंच ऐकू येतं. ज्या दिवशी गावाकडे पडतो, त्या दिवशी दोन-चार माणसं निमूट पिशवी उचलून परत जातात. कुणी त्यांना अडवत नाही. दिंडीचालक भाड्याला पैसे आहेत का तेवढं विचारतो.

२१. नोकरी आहे, सगळे दिवस जमत नाही. दोन दिवस चाललं तर त्याला वारी म्हणायचं का?

म्हणायचं. नाशिककरांना सगळ्यांत सोपं म्हणजे त्र्यंबक ते नाशिक, किंवा रजा असेल तर पुढे दातलीच्या रिंगणापर्यंत. शेवटचे दोन-तीन दिवस धरायचे असतील तर राहायची सोय आधी बोलून ठेवा, आयत्या वेळी तंबूत जागा नसते. तेवढ्या दिवसांची भिशी न मागता द्या.

२२. मोबाइल, पैसे, दागिने?

दागिने घरी. मंगळसूत्र काळ्या मण्यांचं साधं. रोख थोडी थोडी दोन ठिकाणी. चार्जिंगला जनरेटरवर रांग लागते, म्हणून पॉवर बँक हवी. तळावर फोन चार्जिंगला लावून झोपी जाऊ नका. फोटो काढा, पण रांगेत उलटं चालत रील काढू नका, आणि टँकरच्या बाजूला कॅमेरा अजिबात नको.

२३. दिंडी चुकली तर?

रथ शोधायचा. दिंड्यांचे क्रमांक रथाच्या पुढे आणि मागे असे असतात, त्यामुळे ‘रथामागे अमुक नंबर’ एवढं पाठ असलं की कुणीही वारकरी वाट दाखवतो. नाहीच सापडली तर पुढच्या मुक्कामी पोचा, आपला ट्रक तिथे असणारच.

२४. दिंडीत कुणाशी पटलं नाही तर? एकाच तंबूत महिनाभर...

हे विचारणारे थोडे असतात, पण वारी मध्येच सोडून आलेल्यांशी बोललात तर पायांपेक्षा हे कारण जास्त निघतं. कुणी रात्रभर घोरतो, कुणी पहाटे दोनला पिशव्या खुडबुडतो, कुणाला बादलीच्या रांगेत आपला नंबर लागत नाही असंच वाटतं. साधारण आठव्या-नवव्या दिवशी, अंग दुखतंय आणि पंढरपूर अजून लांब आहे तेव्हा, भांडणं होतात.

काम मागून घ्या. पाणी आणा, पंगतीत वाढा, खुंट्या उपटायला जा. बसून राहणाऱ्याला शेजाऱ्याचे दोष दिसत राहतात. बोलायचंच झालं तर दुपारी जेवणानंतर बोला, रात्री दमलेल्या तोंडी नको. तरी नाहीच जमलं तर दिंडीचालकांना सांगून तंबूतली जागा बदला. इथे प्रत्येकाला ‘माऊली’ म्हणायची रीत आहे, आणि ज्याच्यावर तुम्ही चिडला आहात त्यालाही रोज सकाळी तसंच हाकारायचं असतं. चार सकाळी म्हटलं की राग बराचसा उतरतो, असा अनुभव आहे.

२५. वाटेत घरी मयत झालं, सुतक आलं तर?

जवळचं असेल तर घरी जा. मातीला पोचणं हे वारीपेक्षा आधी. दहावं-तेरावं उरकून आषाढीच्या आत वेळ उरला तर परत येणारे असतात. लांबच्या भाऊबंदकीतलं असेल तर काही दिंड्यांत चालत राहतात आणि पालखीला स्पर्श तेवढा करत नाहीत. आपल्या मनाने ठरवू नका, दिंडीचालकांना बाजूला घेऊन विचारा.

२६. पंढरपुरात दर्शन मिळतं का?

पदस्पर्श दर्शनाची रांग आषाढीला कित्येक तासांची असते, आणि महिनाभर चालून आलेल्या पायांनी ती झेपेल का ते ज्याचं त्याने बघावं. मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पुष्कळ लहान. बरेच जुने वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीला डोकं टेकवतात, कळसाला हात जोडतात आणि मठात जाऊन झोपतात. नदीला पाणी जास्त असेल तर काठावरच तांब्याने आंघोळ करा.

२७. परतीला काय करतात?

पालखी पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत थांबते आणि मग तीही पायीच त्र्यंबकला परतते. त्या वाटेवर माणसं थोडी, चाल मोठी आणि पाऊस जास्त. बहुतेक जण द्वादशीचं पारणं सोडून एसटीने निघतात. आषाढीला जादा गाड्या असतात, पण द्वादशीच्या सकाळी स्थानकावर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा त्रयोदशीला निघा. तुमची वळकटी दिंडीच्या ट्रकमधून गावी येत असेल तर ती उतरवायला त्या दिवशी हजर राहा, आणि ताडपत्र्या धुवायला दोन तास काढून या.